डोळ्याच्या पडद्याला विजेचा टेकू : आरपीवाल्यांनी कितपत भरवसा ठेवावा?

कवडसा

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र. पण गेले तीन आठवडे डोक्यात एकच किडा वळवळतोय, म्हणून धागा काढते आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मला आरपी आहे, म्हणजे रेटिनायटिस पिग्मेंटोसा. डोळ्याच्या पडद्यातल्या उजेड टिपणाऱ्या पेशी हळूहळू मरत जाण्याचा जनुकीय आजार. अंधार पडला की चाचपडणं लहानपणापासूनचं, त्याला नाव मिळालं कॉलेजात. आता दोन्ही डोळ्यांचं मिळून वीसेक अंशांचं क्षेत्र उरलंय. समोरच्याचा चेहरा स्वच्छ दिसतो, त्याने पुढे केलेला हात दिसत नाही. (हात न मिळवणारी शिष्ट बाई अशी माझी ख्याती आहे. खुलासा झाला.)

गेल्या महिन्यात ओळखीच्या एकांनी आग्रह करकरून एका ठिकाणी नेलं. तिथे मिटलेल्या पापण्यांवर ओलसर पट्ट्या ठेवून बारीक विद्युतप्रवाह सोडतात. "पडद्याच्या पेशी रिचार्ज होतात," म्हणाले. कुठल्या पेशी, असं विचारलं तर उत्तर आलं, "सगळ्याच." माझी फाइल उघडूनसुद्धा पाहिली नाही. दहा बैठका झाल्या, मग अक्षरांचा तक्ता आला, आणि मी आधीपेक्षा एक ओळ जास्त वाचली म्हणून टाळ्या! अहो, तक्ता वाचायची मला कधी अडचणच नव्हती. माझा मधला भाग शाबूत आहे, कडा गेल्यात. जे बिघडलेलंच नाही ते सुधारल्याचं मला दाखवलं.

चिडून घरी आले. हे सगळं थोतांड, म्हणून फाइल बंद करणार होते. पण शिव्या घालण्याआधी वाचावं म्हटलं, आणि तिथे पंचाईत झाली. कारण विजेने पडदा वाचवण्याची कल्पना खुळचट नाही. तिच्यावर गंभीर माणसांनी गंभीर काम केलंय.

इतिहासच पाहा. १७५५ साली फ्रान्समध्ये शार्ल ल रुआ नावाच्या वैद्याने एका अंध तरुणाच्या डोक्याभोवती तार गुंडाळून लायडन जारमधली (वीज साठवायच्या जुन्या बरणीतली) वीज सोडली. दृष्टी काही आली नाही, पण त्याला ज्वाळा दिसल्या. विजेने 'दिसलेल्या' या उजेडाला आज फॉस्फीन म्हणतात. पुढे बऱ्याच काळाने याच वाटेवर कृत्रिम पडदे आले. आर्गस २ या यंत्रात ६० इलेक्ट्रोड होते, २०१३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, नंतर कंपनीने ते बनवणंच थांबवलं. पण तो मार्ग पेशी मेल्यानंतरचा. मी विचारतेय ते मरण्याआधीचं.

तिथली गोष्ट तर फारच गमतीची. अ‍ॅलन चाऊ नावाच्या अमेरिकन नेत्रतज्ज्ञाने दोन मिलिमीटर व्यासाची चकती केली होती, तिच्यावर उजेडापासून वीज करणारे सुमारे पाच हजार सूक्ष्म फोटोडायोड. २००० सालापासून ती सहा आरपी रुग्णांच्या पडद्याखाली बसवली. सुधारणा नोंदवली गेली, पण ती चकतीपासून दूरच्या भागातही! तिथे तर चकती काही दाखवूच शकत नव्हती. मग अंदाज असा की चकतीतून सतत झिरपणाऱ्या बारीक विजेने आजूबाजूच्या आजारी पेशींना तग धरायला मदत झाली असावी.

आता ऑपरेशनशिवाय हेच करायचा प्रयत्न चालतो. कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाला, धाग्यासारखा बारीक इलेक्ट्रोड टेकवायचा, दुसरा कानशिलावर, आठवड्यातून अर्धा तास. संशोधनात याला टीईएस म्हणतात. जर्मनीत ट्युबिंगनला आरपीच्या रुग्णांवर याच्या चाचण्या झाल्या आहेत.

तर माझा प्रश्न सरळ आहे. त्या ओल्या पट्ट्या आणि हे टीईएस यांत फरक काय? आणि टीईएस खरंच पडदा वाचवतं का? 'एका काकांना फरक पडला' छापाची उत्तरं कृपया नकोत. तसे काका मला आधीच पुष्कळ भेटलेत.

तिरपी_रेघ

जागा पकडून ठेवतेय. भाच्याला आरपी आहे.

ओहमकार

कवडसाताई, डोळ्यातलं मला कळत नाही, विजेतलं कळतं. तेवढंच बोलतो.

'बारीक विद्युतप्रवाह' हे शब्द ऐकले की माझा पहिला प्रश्न असतो, कसला? प्रवाह एकाच दिशेने वाहत ठेवला तर इलेक्ट्रोडपाशी विद्युत्‌-अपघटन सुरू होतं, आम्ल-अल्कली तयार होतात आणि ऊती भाजते. म्हणून ऊतीत वीज सोडणारी जबाबदार यंत्रं दोन्ही दिशांचे समसमान ठोके देतात. जितका विद्युतभार आत ढकलला तितकाच लगेच परत ओढून घ्यायचा, हिशेब शून्यावर. ट्युबिंगनच्या चाचणीचा तपशील पाहिला. ५ मिलिसेकंदांचे द्विदिश ठोके, सेकंदाला २० वेळा. हे वाचून बरं वाटलं. मी असतो तर असंच केलं असतं. (त्यांनी मला विचारलं नाही, तो भाग वेगळा.)

प्रवाह किती, तर मिलिअँपिअरच्या आतबाहेर. साध्या एलईडीला सुमारे २० मिलिअँपिअर लागतात, त्यावरून अंदाज घ्या.

दुसरी गोष्ट मार्गाची. वीज सोपी वाट धरते. मिटलेल्या पापणीवर पट्टी ठेवलीत की बराचसा प्रवाह कातडीतूनच पसरून जातो. पडद्यापर्यंत किती पोचला, हे त्या पट्टीवाल्यांनी मोजलं होतं का? ओला कॉर्निया आणि आतलं पाणीदार द्रव्य वीज चांगली वाहून नेतात, म्हणून तिथे धागा टेकवण्यात अर्थ आहे.

शंकासुर

आलोच. ताई, लेख छान, पण 'गंभीर माणसांनी गंभीर काम केलंय' एवढ्याने माझं पोट भरत नाही. गंभीर माणसांनी जळवाही लावल्या होत्या.

चकतीचं उदाहरण घ्या. सहा रुग्ण, तुलनेला दुसरा गट नाही. दूरच्या भागात सुधारणा दिसली याचं एक स्पष्टीकरण 'विजेने पेशी तगल्या'. दुसरं, 'डोळ्याला इजा झाली म्हणून काही काळ तगल्या'. तिसरं, 'एवढं ऑपरेशन सोसलेला माणूस चाचणीत जास्त मन लावून बघतो'. तिघांतलं कुठलं खरं, हे सहा माणसांवरून कसं ठरवणार?

उंदीरमामा

शंकासुरांचं दुसरं स्पष्टीकरण नुसतं तर्कट नाही, ते खरंच घडतं. माझं काम प्रयोगशाळेतलं, आणि आमच्या क्षेत्रात हा जुना धडा आहे. आरसीएस नावाच्या उंदरांची एक जात आहे. त्यांच्यात मर्टके नावाच्या जनुकाचा दोष असतो, त्यामुळे पडद्यामागचा थर प्रकाशपेशींचा रोजचा केरकचरा गिळत नाही. कचरा साचतो, पेशी मरतात. अशा उंदराच्या पडद्यात नुसती सुई टोचली तरी टोचल्या जागेभोवतीच्या पेशी जास्त दिवस तगतात! जखम झाली की पडदा स्वतःच एफजीएफ-२ सारखे वाढघटक सोडतो. म्हणून चकतीचे प्रयोग करणाऱ्यांना निष्क्रिय चकत्या बसवूनही तुलना करावी लागली.

आता विजेची बाजू. जपानमध्ये ओसाकाच्या मोरिमोतो, फुजिकादो आणि तानो यांच्या गटाने चकती वगैरे न बसवता थेट कॉर्नियावरून वीज दिली. उंदरांची दृष्टिचेता (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस) कापली की तिच्यातून संदेश पाठवणाऱ्या पडद्यातल्या गँग्लियन पेशी भराभर मरतात, वीज दिलेल्या डोळ्यांत त्या जास्त उरल्या. तो शोधनिबंध २००५ चा. २००७ मध्ये त्यांनीच आरसीएस उंदरांत प्रकाशपेशी जास्त काळ टिकल्याचं दाखवलं. इथे पडद्याला सुई लागलेली नाही, म्हणजे जखमेची सबब चालत नाही.

हे होतं कसं? पडद्यात म्युलर पेशी असतात. पडद्याच्या आरपार उभ्या, खांबांसारख्या. बघायचं काम त्यांचं नाही, बघणाऱ्यांना खाऊपिऊ घालायचं त्यांचं. वीज दिली की त्यांच्या आवरणातली कॅल्शियमची दारं उघडतात आणि त्या आयजीएफ-१ सारखे घटक जास्त बनवतात. दुसरीकडे पेशींच्या आत्मघाताला आवर घालणारं बीसीएल-२ वाढल्याचं आणि त्याला चिथावणारं बॅक्स घटल्याचंही दिसलंय. म्हणजे वीज पेशीला 'रिचार्ज' करत नाही. ती शेजारणीला हाक मारते आणि शेजारीण डबा पाठवते.

एक गोष्ट मात्र ठळक लिहा. जनुकातला दोष जिथल्या तिथे राहतो. कचरा साचतच असतो. डबा आला म्हणून आजार गेला नाही.

कवडसा

मामा, शेजारणीचा डबा लक्षात राहील. दहा बैठकांत मला हे एकानेही सांगितलं नाही.

नवीनच

माफ करा, भाबडा प्रश्न. डबाच हवा असेल तर तो घटक थेट डोळ्यात टोचून का देत नाहीत? वीज कशाला मध्ये?

पटलावरून

नवीनच, प्रश्न भाबडा नाही, अगदी मुद्द्याचा आहे. (मी पडद्याचे आजार बघतो. इथे कुणाला वैयक्तिक सल्ला देत नाही, आधीच सांगून ठेवतो.)

तसं करून झालंय. सीएनटीएफ नावाचा संरक्षक घटक सतत स्रवणाऱ्या जिवंत पेशींची एक इवली कुपी करून ती डोळ्यात बसवली. मॅकटेल नावाच्या, पडद्याच्या मधल्या भागाच्या आजारात तिचा उपयोग दिसला आणि मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत तिला मान्यताही मिळाली. पण तीच कुपी आरपीच्या रुग्णांत वापरली तेव्हा फायदा दिसला नाही. उलट काही मोजमापांत कुपीच्या डोळ्याची क्षेत्र-संवेदनशीलता दुसऱ्या डोळ्यापेक्षा जास्त घटली. उंदरांत उत्तम चाललेला डबा माणसाच्या आरपीत चालेलच असं नाही, हे तिथे कळलं. विजेचा युक्तिवाद असा की ती एकच घटक बाहेरून ओतत नाही, पडद्याच्या स्वतःच्या यंत्रणेलाच थोडं ढोसते. हा युक्तिवाद मला आवडतो, पण आवडणं म्हणजे पुरावा नव्हे.

पुरावा कुठवर आहे ते सांगतो. ट्युबिंगनची पहिली चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. २४ रुग्ण, तीन गट, आठवड्याला अर्धा तास, सहा आठवडे. आधी प्रत्येकाचा उंबरठा मोजला, म्हणजे किती प्रवाहाला त्याला फॉस्फीन दिसू लागतं तो आकडा. एका गटाला उंबरठ्याच्या ६६ टक्के, एकाला १५० टक्के आणि एकाला लुटुपुटूचा उपचार, सगळा जामानिमा पण वीज बंद. १५० टक्केवाल्यांत दृष्टिक्षेत्र आणि ईआरजीतली (पडद्याच्या विद्युत प्रतिसादाच्या आलेखातली) एक लहर सुधारली. म्हणून पुढची चाचणी मोठी केली, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली. ५२ रुग्ण, वर्षभर, या वेळी १५० आणि २०० टक्के. त्यात २०० टक्केवाल्या गटात उजेडातल्या ईआरजीची बी-लहर लुटुपुटूच्या गटापेक्षा स्पष्टपणे चांगली निघाली. पण दृष्टिक्षेत्रात गटांमधला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही.

त्रास म्हणाल तर मुख्यतः डोळे कोरडे पडणं, तेही तात्पुरतं. गंभीर इजा नाही. याच धर्तीच्या ओकुस्टिम या यंत्राला सीई चिन्ह, म्हणजे युरोपात विकायला लागणारी खूण, मिळालेलं आहे. पण सीई चिन्ह म्हणजे 'हे दृष्टी वाचवतं' याची हमी नव्हे, हा गैरसमज फार ऐकतो.

शंकासुर

डॉक्टर, धन्यवाद. पण तुम्हीच हातात काठी दिलीत तर मारतोच. उंबरठ्याच्या १५० टक्के म्हणजे रुग्णाला अर्धा तास लुकलुकताना दिसणार. लुटुपुटूवाल्याला मिट्ट काळोख. कोण कुठल्या गटात हे दोघांनाही पहिल्याच दिवशी कळायला नको? आणि दृष्टिक्षेत्राच्या चाचणीत ठिपका दिसला की बटण दाबायचं असतं. 'मला खरी वीज मिळतेय' हे माहीत असलेला माणूस बटण जरा सढळ हाताने दाबणारच.

पटलावरून

बरोबर, आणि या चाचण्यांचं खरं दुखणं तेच आहे. म्हणूनच मी बी-लहरीला जास्त मान देतो. ईआरजीत उजेडाची चमक दिल्यावर पडदा जो विद्युत प्रतिसाद देतो तो थेट नोंदतात, रुग्णाला काही दाबायचं नसतं. आशेने बटण दाबलं जातं, बी-लहर वाढत नाही. पण मग पुढचा प्रश्न येतो. बी-लहर वाढली म्हणून त्या माणसाला पायरी जास्त नीट दिसली का? तसं दाखवता आलेलं नाही.

शंकासुर

मान्य. आज पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्याच शंकेचं अर्धं उत्तर दिलं.

गोगलगाय

मी ग्लॉकोमाचा, म्हणजे काचबिंदूचा, जुना मुरलेला रुग्ण. हे आमच्या कामाचं आहे का? आमच्याही दृष्टिचेतेचीच गोची असते. डोळ्यांजवळ इलेक्ट्रोड लावून वीज देतात असं मीही वाचलं होतं.

पटलावरून

काका, तुम्ही वाचलंत ते बहुधा प्रत्यावर्ती प्रवाहाचं. त्याची ८२ रुग्णांवरची एक चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, दृष्टिचेतेला इजा झालेल्यांवर, दहा दिवसांच्या बैठका. दृष्टिक्षेत्रात लुटुपुटूच्या गटापेक्षा सुधारणा दिसली. पण तिथला मुख्य विचार वेगळा आहे. उरलेल्या तंतूंकडून येणारे क्षीण संदेश मेंदूने जास्त चांगले वापरावेत, असा. पेशी मरू नयेत हा झाला एक प्रश्न, उरलेल्यांकडून जास्त काम करून घेणं हा दुसरा. तुमच्या आजारात डोळ्यातला दाब कमी ठेवणं हाच सिद्ध उपाय आहे. थेंब सोडून विजेच्या मागे लागू नका.

गोगलगाय

थेंब चालू आहेत. विसरलो तर सूनबाई आठवण करते, तीही वीज पडल्यासारखीच.

तिरपी_रेघ

डॉक्टर, भाचा एकोणीस वर्षांचा आहे. क्षेत्र अजून बरंच शाबूत आहे. सुरुवातीलाच वीज दिली तर जास्त उपयोग, असं तर्काने वाटतं. बरोबर आहे का?

उंदीरमामा

तर्क बरोबर आहे. मेलेल्या पेशीला डबा पाठवून उपयोग नाही, वाचवायला जिवंत पेशी हवीच. आरपीत बहुधा आधी अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी जातात, आणि त्या गेल्यावर बारकाव्यांच्या नि रंगांच्या शंकुपेशी, ज्यांच्या जनुकात अनेकदा काही दोषही नसतो. दंडपेशी जिवंत असताना शंकुपेशींना तगवणारा एक घटक सोडतात. त्यामुळे दंडपेशी जितक्या टिकतील तितकं मधलं दिसणं टिकेल. उंदरात आपण हवं तेव्हा सुरू करू शकतो. माणूस मात्र बहुतेक वेळा निम्मं क्षेत्र गेल्यावर दवाखान्यात येतो.

पटलावरून

त्यात माझी भर. भाच्याची जनुक-तपासणी झाली नसेल तर आधी ती. आरपी हे एका आजाराचं नाव नाही, पन्नासहून कितीतरी जास्त जनुकांच्या दोषांना मिळून दिलेलं ते एक आडनाव आहे. आरपीई६५ या जनुकाचा दोष निघाला तर त्यावर २०१७ पासून मान्यताप्राप्त जनुकोपचार आहे. त्या मुलाला वीज देत बसणं म्हणजे किल्ली खिशात असताना कुलूप फोडणं. शिवाय आरपीत मधल्या पडद्याला सूज येऊ शकते, मोतीबिंदू लवकर होतो. या दोन्हींवर उपचार आहेत, आणि विजेच्या नादात नेमके हेच राहून जातात.

कुणी टीईएसचा विचार करत असेलच तर डोळ्यात नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटल्या असतील, पडदा सुटलेला असेल किंवा पडद्याची रक्तवाहिनी बंद पडून गेली असेल, तर आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पाऊल टाकू नका. चाचण्यांत अशा रुग्णांना घेतलेलंच नव्हतं, त्यामुळे 'त्रास नाही' हा निष्कर्ष त्यांना लागू होत नाही. पेसमेकर असलेल्यांनीही तो आधी सांगायचा. कवडसाताईंची फाइल तिथे उघडलीच नाही, हे मला त्या टाळ्यांपेक्षा जास्त खटकलं.

ओहमकार

आणि घरी ९ व्होल्टची बॅटरी आणि तारा घेऊन बसण्याचा विचार ज्यांच्या मनात आला असेल त्यांनी माझा पहिला प्रतिसाद पुन्हा वाचा. एकाच दिशेचा प्रवाह. डोळा. नको.

नवीनच

मनात आला होता. गेला.

कवडसा

सगळ्यांचे आभार. इतके दिवस मी चुकीच्या जागी भांडत होते असं दिसतंय. 'वीज खरी की खोटी' यात अडकले होते. खरी मेख वेगळीच आहे. दृष्टी परत आली तर कळेल हो, पण जी गेली नाही ती विजेमुळे गेली नाही हे मला कसं कळणार? आरपी इतकी सावकाश सरकते की वर्षभर काहीही न करता बसले तरी 'फरक पडला नाही' म्हणता येईल, आणि तेच कुणीही आपल्या यंत्राच्या नावावर खपवेल.

पटलावरून

नेमकं. त्यासाठी आधी तुमचा स्वतःचा चढउतार माहीत हवा. आरपीत दृष्टिक्षेत्राची चाचणी एका वेळेहून दुसऱ्या वेळी बरीच हलते. काही उपचार सुरू करायच्या आधी थोड्या दिवसांच्या अंतराने दोनतीनदा चाचणी करून ठेवा. तेवढं हलणं 'काहीच नाही' समजायचं, त्यापलीकडचं दिसलं तरच बोलायचं.

कवडसा

अपडेट, अठरा दिवसांनी.

दोन चाचण्या करून आले. मधे काहीही उपचार नाही, पट्ट्या नाहीत, धागे नाहीत. यंत्र तेच, खोली तीच. दुसऱ्या वेळी उजव्या डोळ्याचं क्षेत्र चांगलं तीन अंशांनी रुंद निघालं.

शंकासुर

तीन अंश! फुकटात! कुणी टाळ्या वाजवल्या की नाही?

कवडसा

नाही. मी खूश होऊन तंत्रज्ञ मुलीला विचारलं, असं कसं झालं? ती म्हणाली, "मॅडम, मागच्या वेळी मधे तुम्हाला डुलकी लागली होती."